विषय आपला नाही, तरी निबंध कसा तपासायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवता. कॉलेजने बहुविद्याशाखीय चर्चासत्र घेतलं, ३८ निबंध जमले आणि प्राचार्यांनी "तुमचं मराठी चांगलं आहे" म्हणत ते गाठोडं तुमच्या टेबलावर ठेवलं. त्यात ग्राहकांच्या खरेदीच्या सवयी आहेत, कॅडमियम सल्फाइडचे पातळ थर आहेत, कानबाई या खान्देशातल्या देवीची गाणी आहेत. भौतिकशास्त्र तुम्ही बारावीला सोडलं ते सोडलंच. हातात तीन आठवडे. तुम्ही विचारलंय, "मी नुसतं शुद्धलेखन बघून पुढे पाठवू, की मला त्यावर काही म्हणता येईल?"

मी एकतीस वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या कॉलेजांत ग्रंथपाल होते. माझं शिक्षण इतिहासाचं. पण ग्रंथपाल म्हटला की "मॅडम सगळं वाचतात" असा सगळ्यांचा समज असतो, त्यामुळे असे अंक संपादित करायचं काम दर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडेच यायचं. आठ अंक काढले. त्यातल्या दोनांची आजही लाज वाटते, त्यांच्याबद्दल पुढे सांगतेच.

तुम्हाला भौतिकशास्त्र येत नाही, ही खरी अडचण नाहीच. ३८ निबंधांतले सगळे विषय येणारा माणूस तुम्हाला विद्यापीठातही सापडणार नाही. अडचण अशी की 'निबंध तपासणं' म्हणजे 'त्या विषयात निकाल देणं' असं आपण धरून चालतो. ही दोन कामं वेगळी आहेत. निष्कर्ष बरोबर आहे का, हे त्या विषयातल्या माणसानेच सांगावं. पण लेखकाने निष्कर्षाखाली जे ठेवलंय त्यावर तो निष्कर्ष उभा राहतो का, हे जागं राहून वाचणाऱ्या कुणालाही बऱ्यापैकी दिसतं. तुमच्याकडे आलेलं काम हे दुसरं आहे.

अर्थात काही गोष्टी तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहेत. निबंध परत पाठवायचा अधिकार समितीला आहे का? नोंदणी शुल्क घेताना "निबंध छापून मिळेल" असं पत्रकात लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर तुम्हाला नाकारता येणार नाही, फक्त दुरुस्त करून घेता येईल. तेही थोडं नाही. लेखकांत तुमचेच वरिष्ठ किती, हेही बघा. विभागप्रमुखाच्या निबंधावर नव्या सहायक प्राध्यापकाने शेरा लिहायचा तर तो समितीच्या नावाने जावा, एकट्याच्या सहीने नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली आणि कुठलं नियतकालिक चांगलं हे ठरवायचं काम संस्थांवर टाकलं. त्यामुळे "आपला अंक कुठल्याच यादीत नाही, मग एवढी कटकट कशाला" या युक्तिवादाला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

आता माझी पद्धत. एका वाक्यात सांगायची तर: मूळ वस्तू मागा. प्रत्येक निबंधाच्या तळाशी हातात धरता येईल असं काहीतरी असतं. ग्राहकांवरच्या निबंधाखाली भरलेल्या प्रश्नावल्या असतात, पातळ थरांच्या निबंधाखाली पिवळसर थर चढलेली काचपट्टी आणि यंत्रातून निघालेली आकड्यांची फाइल, गाण्यांच्या निबंधाखाली कुणाचा तरी आवाज. आपल्या खान्देशात हे नवं सांगायला नको. वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. या माणसाने गावोगावची दप्तरं धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. अस्सल कागद आधी, मत नंतर, हा त्यांचा हट्ट होता. हाच हट्ट ग्राहकांच्या आणि पातळ थरांच्या निबंधालाही लावता येतो.

ग्राहकांपैकी मसाल्याचं उदाहरण घ्या. एका अंकात एका शहरातल्या महिलांचा कल घरी कुटलेल्या मसाल्याकडे की तयार पुडीकडे, असा निबंध आला. विषय मला आवडला. आपल्याकडे उन्हाळ्यात मिरच्या निवडण्यापासून जे चालतं त्यावर कुणीतरी अभ्यास करावा असं मला नेहमी वाटायचं. निबंधात लिहिलं होतं, 'नमुना: १०० महिला.' खाली तक्ता. घरचा मसाला ६७.३५ टक्के, तयार मसाला २६.५३ टक्के, दोन्ही ६.१२ टक्के. बेरीज बरोबर शंभर. मी तो तक्ता दोनदा वाचून पुढे गेले होते. मग प्रूफं लावून ठेवणारा आमचा शिपाई म्हणाला, "ताई, शंभर बायांतून सदुसष्ट पूर्णांक पस्तीस बाया कश्या?"

शंभर माणसांच्या टक्केवारीत दशांश येऊच शकत नाही. एक बाई म्हणजे एक टक्का. मग ही टक्केवारी कितींची? सगळ्यात लहान आकडा धरायचा. ६.१२ टक्के म्हणजे एक बाई असेल तर एकूण सोळा आणि काही, दोन असतील तर बत्तीस आणि काही. दोन्ही जमत नाही. तीन असतील तर एकूणपन्नास. बरोबर बसलं. एकूणपन्नासांतल्या तेहतीस म्हणजे ६७.३५, तेरा म्हणजे २६.५३, तीन म्हणजे ६.१२. तेहतीस, तेरा, तीन, एकूणपन्नास. पाकिटाच्या पाठीवर पाच मिनिटांचा हिशेब झाला.

लेखिकेला फोन केला. ती फसवणारी नव्हती. प्रश्नावल्या शंभर वाटल्या होत्या, परत आल्या एकूणपन्नास. "शंभर वाटल्या म्हणून शंभर लिहिलं," असं तिने सरळ सांगितलं. मी म्हटलं, त्या एकूणपन्नास घेऊन ये. घेऊन आली, आणि खरी गोष्ट तेव्हा उघडी पडली. फॉर्म भरून परत कुणी दिले होते? विद्यार्थिनी दुपारी पुन्हा दारात गेल्या तेव्हा ज्या घरी सापडल्या त्यांनी. सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या बायकांचे फॉर्म बहुतेक आलेच नव्हते. दुपारी घरात असलेली बाई मसाला घरी कुटण्याची शक्यता जास्त, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. म्हणजे 'शहरातल्या दोन तृतीयांश महिला घरचा मसाला वापरतात' हा निष्कर्ष फॉर्म परत येण्याच्या वेळेनेच अर्धा ठरवून टाकला होता. आम्ही शीर्षक बदललं, ४९ हा आकडा छापला आणि एक परिच्छेद वाढवला: कुणाचे फॉर्म आले नाहीत आणि त्याने काय फरक पडू शकतो. त्या परिच्छेदानंतर तो निबंध खरोखर वाचण्यासारखा झाला. आकडा लहान झाला तरी निबंधाचं वजन वाढलं.

ग्राहकांच्या खर्चावरच्या निबंधांत अजून दोन गोष्टी बघाच, दर वेळी सापडतात. पहिली, दरडोई की दर कुटुंब. राष्ट्रीय पाहणीत २०२२-२३ साली ग्रामीण भारताचा सरासरी मासिक खर्च ३,७७३ रुपये आणि शहरी ६,४५९ रुपये निघाला. हे आकडे माणशी आहेत. एका निबंधात लेखकाने आपल्या तालुक्यातल्या कुटुंबांचा सरासरी खर्च १५,००० रुपये दाखवला, शेजारी ३,७७३ लिहिला आणि 'केळीमुळे तालुका देशाच्या चौपट संपन्न' असं अनुमान काढलं. घरात चार माणसं धरली तर १५,००० चे माणशी ३,७५० होतात. म्हणजे तालुका देशाच्या ग्रामीण सरासरीवरच बसलेला! चौपट संपन्नता एका भागाकारात संपली. दुसरी गोष्ट, विचारलं कधी. राष्ट्रीय पाहणीत भाजी, फळं, तेल असल्या वस्तूंसाठी गेल्या सात दिवसांचा खर्च विचारतात, धान्य-डाळींसाठी तीस दिवसांचा, कपडे आणि टिकाऊ वस्तूंसाठी वर्षाचा. आपल्याकडचे विद्यार्थी सुट्टी लागली की सर्वेक्षणाला निघतात, आणि सुट्टीत येते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आलेल्या, आमरस, मांडे, नवी लुगडी. त्या आठवड्यात "गेल्या सात दिवसांत फळांवर किती खर्च?" विचारलं आणि त्याला चारने गुणलं, तर खान्देशातला माणूस महिनाभर आमरसावर जगतो असं सिद्ध होईल. म्हणून तारीख मागा. फॉर्मवर तारीख नसेल तर तेवढं लिहून विचारा.

आता भौतिकशास्त्र, म्हणजे तुमची भीती. इथे मी तोंडघशी पडले आहे. पातळ थरांवरचा एक निबंध होता. काचपट्टी रसायनांच्या द्रावणात बुडवून तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा थर चढवायचा, एकदा ६० अंशांवर, एकदा ८० अंशांवर, आणि दोन्ही थरांवर एक्स-रे सोडून येणारे आलेख शेजारीशेजारी छापायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून मी मराठी नीट केलं, 'तापमान' सगळीकडे एकसारखं लिहिलं आणि अंक छापून टाकला. पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी वाचनालयात तो अंक घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "मॅडम, हे दोन आलेख एकच आहेत." मला ते वेगळे दिसत होते. एकाची उंची जास्त, दुसऱ्याची कमी. तिने दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढल्या, एक जरा मोठी करून, आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या.

आलेखात मोठी शिखरं असतात, आणि तळाशी बारीक थरथर असते, गवतासारखी. शिखरं सारखी यायला हरकत नाही, पदार्थ एकच आहे. पण ते गवत यादृच्छिक असतं. दोन वेगळ्या वेळी घेतलेल्या मोजमापांत ते काडीला काडी जुळणं शक्य नाही. पत्र्यावर दोनदा पडलेल्या पावसाचे थेंब एकाच जागी पडतील का? इथे प्रत्येक काडी जुळत होती. चौकशीत कळलं की लेखकाने एकच फाइल दोनदा चिकटवली होती आणि उंची बदलून गेली होती. दुसरी फाइल यंत्राच्या संगणकावर शिल्लक होती म्हणून बरं. दोनशे प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली. डिंकाने बोटं दोन दिवस चिकट होती.

त्यानंतर भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याला मी चहावर धरलं आणि विचारलं, "मला विषय न शिकवता काय बघायचं तेवढं सांग." त्याने सांगितलं ते आजही वापरते. आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय मोजलंय आणि कुठल्या एककात, ते लिहिलंय का. मोजमाप एकदाच केलं की परत करून बघितलं. उत्तराला किती दशांश दिलेत: शिखराच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायचं एक सूत्र आहे, शेररचं, १९१८ सालचं. ते मुळात अंदाज देणारं सूत्र आहे, आणि शिखराच्या रुंदीत यंत्राची स्वतःचीही थोडी भर असते. अशा सूत्रातून कुणी '२३.४७८२ नॅनोमीटर' लिहिलं तर ते चार दशांश गणकयंत्राचे आहेत, काचपट्टीचे नाहीत. लेखकाला विचारा की यंत्राची रुंदी वजा केली का आणि अंदाज किती पुढेमागे होऊ शकतो. आणि शेवटचं, जगात सगळ्यांना जे मिळतं त्याहून वेगळं उत्तर आलं असेल तर त्यावर एक ओळ तरी लिहिलीय का. कॅडमियम सल्फाइडचा ऊर्जा-पट्ट्यांमधला फरक साधारण २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. कुणाला बराच जास्त मिळाला तर ते चूकच असं नाही, कण फार बारीक असले की तो वाढतो. पण लेखकाला ते वेगळं आहे याची जाणीवच नसेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करायची.

मोठ्या लोकांचंही तेच असतं. २०११ साली युरोपात एका प्रयोगात न्यूट्रिनो कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचं दिसलं, जिनिव्हाजवळून इटलीपर्यंत ७३० किलोमीटरच्या प्रवासात. त्यांनी 'आइन्स्टाइन खोटा पडला' अशी दवंडी पिटली नाही. आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही बघा, असं म्हणून ते सगळ्यांसमोर ठेवलं. काही महिन्यांनी एका प्रकाशतंतूच्या केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती असं निघालं. तेव्हा लेखकाला 'तुमची केबल तपासली का' विचारण्यात अपमान नाही.

दुसरी लाजेची गोष्ट तुमच्या विषयातली आहे, म्हणून ती जरा जास्त सांगते. कानबाईच्या गाण्यांवर एका प्राध्यापकाचा निबंध होता. गाणी अहिराणीतली, त्याने स्वतः कॅसेटवर घेतलेली. मी तेव्हा नवी होते आणि शुद्धलेखनाचा वारा अंगात होता. 'शे' दिसलं की 'आहे' केलं. 'पानी'चं 'पाणी' केलं. 'डोया'चा 'डोळा', 'काया'चा 'काळा'. निबंधाच्या मजकुरात केलं असतं तर एक वेळ चाललं असतं, मी गाण्यांतही केलं. अंक निघाल्यावर तो माणूस वाचनालयात आला, काही बोलला नाही, फक्त माझ्यासमोर ते गाणं मोठ्याने वाचायला लागला. जिथे 'काया'ला 'माया' जुळत होतं तिथे 'काळा' आणि 'माया' झालं होतं. यमक मोडलं, चाल अडखळली. मग तो हळूच म्हणाला, "ताई, मन्ही मावशी आसं म्हनत नही."

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर मी पुरावा बदलला होता. मसाल्याच्या तक्त्यात कुणी आकडे 'नीट' करावेत तसंच. तुम्ही मराठीचे आहात, म्हणून तुमच्या हातून हेच होण्याचा धोका भौतिकशास्त्रातल्या चुकीपेक्षा जास्त आहे. गाण्यांच्या निबंधाला विचारायचं ते असं: कुणी गायलं, वय काय, गाव कुठलं, कधी ऐकलं, आवाज मुद्रित केलाय की आठवणीतून लिहिलं, आणि लिहिताना लेखकाने काय बदललं. बहिणाबाईंवर निबंध असेल तर आवृत्ती विचारा. त्यांची गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, आणि ती कागदावर उतरवली त्यांचा मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी. बहिणाबाईंच्या एखाद्या शब्दाच्या उच्चारावर कुणी प्रबंध उभारत असेल तर तोंड आणि छापील पान यांच्या मध्ये दुसऱ्याचा हात आहे, हे त्याने मान्य करायला हवं. आणि पहिल्याच ओळीत 'अहिराणी ही मराठीची अशुद्ध बोली' असं लिहिणारे अजून सापडतात. त्यांना फक्त 'कशावरून?' एवढंच लिहा. भारतातल्या भाषांची पाहणी करणाऱ्या ग्रियर्सनने त्या पाहणीच्या १९०७ सालच्या खंडात खान्देशी, म्हणजे अहिराणी, मराठीसोबत न ठेवता भिल्ली भाषांसोबत ठेवली होती. तो बरोबर की चूक हा वाद चालू द्या, पण वाद आहे एवढं तरी लेखकाला माहीत असावं.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या विषयात असं नाक खुपसणं शोभतं का? मला दामोदर कोसंबी आठवतात. माणूस गणिताचा. त्यांनी प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, त्यामुळे जितकं जास्त चलनात राहिलं तितकं सरासरी वजन कमी होतं आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढतो. हे त्यांनी संख्याशास्त्राने मांडलं आणि त्यावरून नाण्यांचा क्रम लावायचा प्रयत्न केला. म्हणजे तराजू भौतिकशास्त्राचा, चलन अर्थशास्त्राचं आणि निष्कर्ष इतिहासाचा. याच माणसाने शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, ती १९४८ साली आली. मला त्यात दोन वेगळी कामं दिसत नाहीत. नाणं असो की श्लोक, हातोहात फिरताना काय झिजलं आणि काय चिकटलं, एवढंच ते शोधत होते.

पण याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. १९९६ साली अ‍ॅलन सोकल नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने संस्कृती-अभ्यासाच्या एका नियतकालिकाला मुद्दाम निरर्थक लेख पाठवला. त्यात भौतिकशास्त्राचे भारदस्त शब्द आणि संपादकांना आवडेल असा सूर होता. तो छापून आला. संपादकांनी एकाही भौतिकशास्त्रज्ञाला दाखवला नव्हता. तुमच्या-माझ्यासारख्याची हद्द तिथे आहे. लेखकाने तळाशी काय ठेवलंय ते आपण बघू शकतो. ते शब्द त्या विषयात काही अर्थाचे आहेत का, हे त्या विषयातल्यालाच विचारावं लागतं. म्हणून ३८ पैकी सात-आठ निबंध असे निघतील की ज्यांवर तुम्ही काहीच म्हणू नये. ते बाजूला काढा आणि विद्यापीठ परिसरातल्या कुणाला तरी पाठवा. 'निबंध बघा' असं पाठवलं तर तो महिनाभर पडून राहतो. 'पान ६ वरचं समीकरण आणि त्यावरचा निष्कर्ष जुळतो का, एवढंच सांगा' असं पाठवलं तर दोन दिवसांत उत्तर येतं.

संदर्भांचं थोडक्यात. प्रत्येक निबंधातले पाच संदर्भ डोळे मिटून निवडा आणि शोधा. प्रबंध असेल तर शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेल्या संकेतस्थळावर, बघा. अलीकडे एक नवीन रोग आलाय: लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, साल बरोबर दिसतं, आणि तसा निबंध जगात नाहीच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून यादी करून घेतली की हे होतं. पाचातला एक असा निघाला तर पूर्ण यादी लेखकाकडे परत. यात दयामाया नको.

लेखकांच्या नावांवरून गोंधळ होईल. मराठीच्या निबंधाला एकच नाव असतं, म्हणून भौतिकशास्त्राच्या निबंधावर सहा नावं दिसली की तुम्हाला शंका येईल. तिथे ते चालतं. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या एका निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावांची! अर्थशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमे लावतात, त्यामुळे पहिला म्हणजे मोठा असं नसतं. शंका तिथे घ्या जिथे वेगवेगळ्या विषयांच्या निबंधांवर एकच नाव शेवटी येतं. ते कुणाचं असतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याबाबतीत मी तुम्हाला कसलाच सल्ला देणार नाही.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर पहिल्या चार दिवसांत सगळे ३८ फक्त चाळा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने एकच ओळ लिहा: याच्या तळाशी काय आहे. ज्यावर ती ओळ लिहिताच येत नाही तो निबंध नुसता गोषवाऱ्यांचा गोषवारा आहे, तो वेगळा ठेवा. मग लेखकांना पत्रं. पत्रात 'आपण सिद्ध करा' नको, 'आपला निबंध आवडला, पुढील दोन गोष्टींचा उल्लेख राहिला आहे असं वाटतं' असं लिहा. दोनच प्रश्न, तिसरा नको. मूळ फॉर्म, फाइल किंवा ध्वनिमुद्रण 'समितीला पाहण्यासाठी' मागा. निम्मे लेखक आनंदाने देतात, कारण आजवर त्यांना ते कुणी मागितलेलंच नसतं. जे "सापडत नाही" म्हणतात त्यांचा निबंध लगेच नाकारू नका. भाड्याचं घर बदलताना फॉर्मांची थप्पी रद्दीत गेलेले मी पाहिलेत. पण 'मूळ सामग्री उपलब्ध नाही' ही ओळ निबंधात लेखकाकडूनच लिहून घ्या.

तुम्ही सुरुवात कानबाईच्या निबंधापासून करा. त्यात तुमचा हात बसलेला आहे, आणि लाल पेनही तिथेच जास्त आवरावं लागेल. पातळ थरांवरचे दोन निबंध एकाच प्रयोगशाळेतले आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर त्यांचे आलेख आज संध्याकाळीच खिडकीवर धरून बघा. काही अडलं तर लेखकाचं नाव झाकून ते पान इथे टाका. मी रात्री नऊनंतर बघते.